तासाचा भाव

रोजची कामे दुसऱ्यांकडे सोपवून उरलेला वेळ संपत्ती वाढवण्यात घालवावा, या शास्त्राचा पाया एक साधा भागाकार आहे. महिन्याच्या पगाराला महिन्यातल्या कामाच्या तासांनी भागले की माणसाच्या तासाचा भाव निघतो. समजा पगार एक लाख रुपये आहे आणि काम 25 दिवस, रोज आठ तास. म्हणजे 200 तास, तासाला 500 रुपये. भांड्यांना रोज अर्धा तास लागतो, महिन्याचे 15 तास झाले. त्या 15 तासांची किंमत 7,500 रुपये आणि बाईंचा पगार समजा 1,500. याचा अर्थ असा की जो गृहस्थ स्वतःची भांडी स्वतः घासतो, त्याचे दरमहा 6,000 आणि वर्षाला 72,000 रुपये मोरीतून वाहून जातात. केर-फरशी, धुणे, पोळ्या, बाजारहाट आणि इस्त्री याच रीतीने मांडत गेले की तो माणूस आजवर करोडपती का झाला नाही, हे कोणाच्याही ध्यानात येते.

हा हिशेब अर्ध्यावर सोडण्याची पद्धत आहे, कारण तो पुढे नेला तर अडचणीचा होतो. आठ तासांची झोप 4,000 रुपयांना पडते. महिन्याची 1,20,000. म्हणजे एक लाख मिळवणारा माणूस दरमहा 1,20,000 रुपयांची झोप घेतो आणि तरीही त्याचे घर चालते. दाढीचे पाच हजार, आंघोळीचे तितकेच, आणि सिग्नलला उभे राहण्याचे पुण्यात किती होतील ते न काढलेले बरे.

शास्त्र मात्र घरंदाज आहे. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1817 साली इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची दारू यांचे उदाहरण घेऊन दाखवले की दोन्ही वस्तू एकच देश स्वस्तात बनवत असला तरी त्याने ज्यात आपली सरशी अधिक तेच करावे आणि बाकीचे दुसऱ्यावर सोपवावे. हे सांगणारा रिकार्डो स्वतः लंडनच्या शेअरबाजारात गब्बर झालेला होता, त्यामुळे लोकांनी ऐकले. पुढे पॉल सॅम्युएल्सनच्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकामुळे त्यातला देश जाऊन वकील आला: गावातला सर्वांत हुशार वकील हाच सर्वांत वेगवान टंकलेखकही असला तरी त्याने टंकलेखक ठेवावा आणि स्वतः वकिली करावी. उदाहरण चोख आहे. फक्त वकिलाला रिकामा झालेला तास दुसऱ्या अशिलाला विकता येतो. पगारदार माणसाचा महिना मालकाने घाऊक भावात आधीच उचललेला असतो. घरी भांडी न घासल्यामुळे पंधरा तास वाचले, म्हणून कोणत्याही कचेरीने पगारात साडेसात हजार वाढवून दिल्याचे ऐकिवात नाही. उलट माणूस रिकामा आहे असा सुगावा लागला तर ती कचेरी ते पंधरा तासही फुकटात घेते.

काम दुसऱ्याने करायचे आणि फळ आपण घ्यायचे ही कल्पना मराठी घराला साहेबाने शिकवली असे मानणे मात्र चूक ठरेल. सत्यनारायणाला गुरुजी सगळे मंत्र म्हणतात, यजमान पळीभर पाणी सोडून 'मम' म्हणतो, आणि पुण्य यजमानाच्या खात्यावर जमा होते. कामाची वाटणी यापेक्षा रेखीव करता येणार नाही. यजमानाला एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे गुरुजींनी खूण केली की जागे असणे.

आजच्या शहरी घरात सोपवलेल्या कामांची सुरुवात उजाडण्याआधी होते. दाराच्या पिशवीत दूध आणि पेपर येतो, खाली कोणीतरी गाडी पुसतो, कचरा उचलला जातो. या मंडळींची आणि घरच्यांची गाठ महिन्यातून एकदा, पैसे घेताना पडते, आणि म्हणूनच हे व्यवहार सुरळीत चालतात. खरा विषय सुरू होतो तो धुणे-भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या बाईंपासून.

बाई नऊला येणार असतील तर घर आठ वाजता कामाला लागते. भांडी खरकटी काढून, विसळून ठेवायची, कारण करपलेली कढई तशीच मोरीत टाकली तर बाई काही बोलत नाहीत, पण भांड्यांचा आवाज वाढतो. जमिनीवरच्या चपला, खेळणी, चार्जर आणि तंगड्या उचलायच्या, नाहीतर केर त्यांना वळसा घालून जातो. पसारा आवरायचा, कारण बाई याच इमारतीत आणखी चार घरी जातात. सोफ्यावरच्या वाळलेल्या कपड्यांचा ढीग निदान आतल्या खोलीत तरी न्यायचा. नऊ वाजेपर्यंत घर इतके स्वच्छ होते की बाईंनी नेमके काय करायचे असा प्रश्न पडावा. बाईंना तो पडत नाही. त्या वीस मिनिटांत उरकून पुढच्या घरी जातात, आणि तिथेही तासाभरापूर्वी हेच सुरू झालेले असते. एकाच बाईंमुळे पाच घरे रोज स्वच्छ होतात आणि त्यातले बरेचसे काम त्या येण्याआधीच झालेले असते. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात नुसत्या येण्याच्या भीतीने इतके उत्पादन निघत नाही.

पोळ्यांचे काम याहून नाजूक आहे. घडीची की फुलके, तेल किती, कणीक मळून ठेवायची की मावशी मळणार, दर पोळीवर की माणसांवर, हे सगळे पहिल्याच दिवशी ठरते. तरीही रोज सकाळी पोळपाटावरून एक प्रश्न येतोच: "ताई, किती करू?" हा प्रश्न कोणावरही सोपवता येत नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाची परीक्षा, नवऱ्याचे बाहेरचे जेवण, सासूबाईंची एकादशी आणि कालच्या उरलेल्या तीन पोळ्या यांचा एकत्र हिशेब करावा लागतो. लाटायचे काम मावशींकडे गेले, मोजायचे घरातच राहिले. भाजीचे तसेच आहे. चिरून, फोडणी घालून, झाकण ठेवून मावशी जातात. पण आज कोणती भाजी, हे ठरवण्याची बाई अजून कोणत्याही शहरात मिळत नाही. ती जेव्हा मिळेल तेव्हा तिचा पगार घरातल्या कमावत्या माणसाइतका असेल.

अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी 1983 साली एका पुस्तकात दाखवून दिले की घरात यंत्रे आली म्हणून तिथल्या बायकांचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. कपडे धुणे सोपे झाले तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. मराठी घरात हा सिद्धांत फरशीला लागू पडतो. जी फरशी स्वतः पुसायची असताना दोन दिवसांआड पुसली जाई, ती बाई लावल्यावर एक दिवसही राहिलेली खपत नाही. बाईंनी खाडा केला की सकाळी साडेनऊला घराघरांत जी धावपळ सुरू होते, ती पाहून बाई नसतानाच्या काळात ही माणसे काय करत होती असा प्रश्न पडतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर "मावशी आल्या का कोणाकडे?" हा संदेश पडतो. पाणी न येण्याच्या संदेशापेक्षा त्याला उत्तरे लवकर येतात.

खाड्यांमध्ये गणपतीचा खाडा सर्वांत अवघड असतो. मुंबईतल्या ज्या घरात गौरी-गणपतीला वीस माणसे जेवायला असतात, त्याच घरातल्या बाईंच्या गावीही गणपती असतो आणि तो रत्नागिरीला किंवा सावंतवाडीला असतो. अशा वेळी बाई कधीकधी बदली देतात. बदली म्हणजे जाऊ, पुतणी किंवा शेजारीण. सोपवलेले काम पुढे सोपवण्यात बाई घरमालकांपेक्षा तरबेज असतात, कारण त्या बदलीला सूचना देत बसत नाहीत.

दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या ॲपांनी बाजारहाटाचे कामही हलके केले. पूर्वी माणूस आठवड्याची यादी करून एकदाच वाण्याकडे जाई. आता जिरे संपले की जिरे मागवतो, वीस मिनिटांनी मोहरी आठवते, मग सामान फुकट घरपोच मिळण्याइतकी रक्कम व्हावी म्हणून नको असलेले चॉकलेट घेतो आणि दर वेळी दार उघडायला उठतो. वाण्याने फक्त पैसे घेतले असते. भाजीवालीचे मात्र ॲपवाल्यांना मानावे लागले. कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडतात हे पाहून मुंबईतल्या एका मुलाच्या आईला धक्का बसल्याचे 2024 च्या मे महिन्यात समाजमाध्यमावर गाजले आणि ब्लिंकिटला काही भाज्यांवर फुकट कोथिंबीर सुरू करावी लागली. कोट्यवधींच्या भांडवलावर उभ्या असलेल्या धंद्याने भाजीबाजारापुढे टेकलेले हे पहिले गुडघे म्हणता येतील.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गट निसटला. काम दुसऱ्यावर सोपवण्यात जगात ज्याचा हात कोणी धरणार नाही, तो म्हणजे भारतीय पुरुष. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण बायकांमध्ये 81.2 टक्के आणि पुरुषांमध्ये 26.1 टक्के निघाले. ज्या बायका हे काम करतात त्या दिवसाला 299 मिनिटे करतात. जे पुरुष करतात ते 97 मिनिटे. म्हणजे चारांतल्या तिघा पुरुषांनी कोणताही भागाकार न करता, कोणतेही ॲप न उतरवता आणि एक रुपयाही न देता घरकाम पूर्णपणे सोपवून टाकले आहे. सिद्धांत खरा असता तर या मोकळ्या वेळातून देशात संपत्तीचा पूर आला असता. ए. सी. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली अशाच एका गमतीकडे लक्ष वेधले होते: एखाद्याने पगारी मोलकरणीशी लग्न केले की काम तेवढेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते.

मोकळ्या झालेल्या तासाचे पुढे काय होते, हा या शास्त्रातला सर्वांत कमी अभ्यासलेला भाग आहे. बराचसा तास मोबाइल खातो, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. पण जे खरोखरच संपत्ती वाढवायला बसतात त्यांची आकडेवारी उपलब्ध आहे. घरबसल्या डीमॅट खाते उघडून, दोन चॅनेल आणि एका मित्राची टिप यांच्या बळावर जे लोक फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरले, त्यांची पाहणी सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केली. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. आता वरचा भागाकार पुन्हा मांडला तर उत्तर फिरते. जो माणूस त्या वेळात स्वतःची भांडी घासत होता, त्याचे बाईंचे 1,500 रुपये वाचले आणि बाजारात त्याला काही गमावता आले नाही. घराची आर्थिक बाजू सांभाळण्यात घासणीचे योगदान आजवर कोणत्याही गुंतवणूक सल्लागाराने मान्य केलेले नाही.

दुसरीकडे, ज्या गुंतवणुकीतून मध्यमवर्गाची संपत्ती बहुधा वाढते तिला वेळ लागतच नाही. म्हणजे वर्षे लागतात, तास लागत नाहीत. पीपीएफचे खाते पंधरा वर्षे चालते आणि त्यातली चौदा वर्षे अकरा महिने त्याकडे पाहण्याची गरज पडत नाही. म्युच्युअल फंडाचा हप्ता बँक परस्पर कापते, शेअर निवडायचे काम फंड व्यवस्थापक करतो. चक्रवाढ व्याजाला तर कोणाची देखरेखच लागत नाही. नातवंडांसारखे रोज पाहिले तर उलट ते वाढत नाही असे वाटते. पूर्वीच्या पिढीने हे कामही सोपवलेले होते, आयुर्विम्याच्या एजंटाकडे. तो बहुधा मावसभाऊ किंवा साडू असे आणि मार्च महिन्यात जेवायला येई. संपत्ती वाढवण्याचे कामच जर असे दुसऱ्यावर सोपवलेले असेल, तर त्यासाठी मोकळा केलेला तास नेमका कुठे ठेवायचा, याचे उत्तर शास्त्राकडे नाही.

काम सोपवणे प्रमाणाबाहेर गेले तर काय होते, याचे महाराष्ट्रातले उदाहरण कोकणात आणि देशावर अनेक घरांत अजून जेवताना निघते. मालक नोकरीसाठी मुंबई-पुण्यात, गावची जमीन कुळाकडे. नांगरणी, लावणी, कापणी सगळे कुळाने बघायचे आणि मालकाने खंडाचे तांदूळ खायचे. तासाच्या भावाच्या दृष्टीने व्यवस्था निर्दोष होती. मग मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 आला, त्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक समजली जाऊ लागली. तारीख एक एप्रिल असल्यामुळे काही मालकांनी सुरुवातीला ती मनावर घेतली नसावी. कुळांनी घेतली. राजकारणातही असे घडून गेले आहे. शाहू महाराजांनी 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले आणि कारभार हळूहळू त्या घराण्याकडे जात राहिला. 1750 च्या सांगोल्याच्या करारानंतर छत्रपती साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात अशी वाटणी पक्की झाली. पेशव्यांनी पुढे काय केले? त्यांनीही कारभारी नेमले.

या दोन्ही उदाहरणांवरून एक नियम दिसतो आणि व्यापाराचा इतिहास त्याला दुजोरा देतो: कामे सोपवण्यातून संपत्ती खरोखरच तयार होते, पण ती काम घेणाऱ्याच्या घरी. साहेबाच्या कचेरीत जाणाऱ्याला डबा हातात धरून लोकल पकडणे जड वाटले, म्हणून 1890 च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम सुरू केले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतल्या कित्येक पिढ्या त्यावर उभ्या राहिल्या आणि कोरोनाच्या आधी सुमारे 5,000 डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे वाहत होते. डबा ज्याचा त्याने वाचलेल्या श्रमांचे काय केले याची नोंद नाही; तो गाडीत पत्ते खेळत असे एवढे माहीत आहे. पापड लाटायला घरच्या बाईला वेळ नाही म्हटल्यावर गिरगावातल्या सात जणींनी 15 मार्च 1959 रोजी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल 80 रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्या लिज्जतची वार्षिक उलाढाल आज हजार कोटींच्या वर आहे, आणि लाटणाऱ्या बहिणीच मालक आहेत. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरण्या बंद पडल्या, गिरण्यांच्या जागी मॉल आले, अन्नपूर्णा राहिली.

घरकाम करणाऱ्या बायकांनीही आपल्या तासाचा भाव एकदा काढून दाखवला. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या मागण्या पुढे आल्या. संपाच्या दिवसांत डेक्कन ते सदाशिव पेठ या पट्ट्यातल्या किती विद्वानांनी पहिल्यांदा आपल्या घरातली घासणी कुठे असते हे पाहिले, याचा शोध संशोधकांनी घ्यायला हवा होता. राज्याने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यालाही पुष्कळ वर्षे झाली, तरी "महिन्याला सुट्ट्या किती?" या विषयावरची बोलणी अजून स्वयंपाकघराच्या दारातच होतात.

परदेशी परंपरेत या शास्त्राने फार लांबची मजल मारली. ए. जे. जेकब्स या अमेरिकी पत्रकाराने 2005 साली 'एस्क्वायर' मासिकात लिहिले की त्याने आपले रोजचे आयुष्य बंगळुरूच्या सहायकांवर सोपवले: ई-मेलला उत्तरे, भेटवस्तूंची खरेदी, बायकोची समजूत, आणि शेवटी एका व्यवहाराची काळजी करणेही. सहायक बाईंनी कळवले की त्या काळजी करतील. टिमोथी फेरिसच्या 2007 मधल्या चार तासांच्या आठवड्यावरच्या पुस्तकात हा लेख गेला आणि सगळीकडे वाचला गेला. अमेरिकनाने काळजी बंगळुरूला पाठवली. बंगळुरूच्या माणसाने ती रात्रपाळीत करायची म्हणून स्वयंपाक मावशींवर सोपवला. मावशींनी आपले धाकटे मूल सासूवर सोपवले. सासूने ते थोरल्या नातीच्या कडेवर दिले. तिच्या तासाचा भाव अजून कोणी काढलेला नाही.

सोपवता न येणाऱ्या गोष्टींची यादी दरवर्षी आखूड होत चालली आहे. गणपतीची पूजा सांगणारे गुरुजी ॲपवर मिळतात, अभिषेकाची पावती ऑनलाइन फाटते, कुत्र्याला फिरवायला मुलगा येतो आणि तो कुत्र्याला फिरवत असताना मालक जिममध्ये जागच्या जागी चालतो. फरशी पुसायला बाई लावून वाचलेल्या वेळात कंबर वाकवण्याच्या व्यायामाचे पैसे भरले जातात. लग्नाला हजेरीसुद्धा पाकिटावर सोपवता येते, रक्कम नीट असेल तर.

एक काम मात्र सरकारने अजून सुटू दिलेले नाही. निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरमध्ये आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. नोव्हेंबर 2014 पासून जीवन प्रमाण योजनेत तो अंगठ्यावर मिळू लागला. त्यासाठी आता पोस्टमनही घरी येतो. अंगठ्याच्या रेषा पुसल्या असतील, वर्षानुवर्षे भांडी घासणाऱ्यांच्या पुसतातच, तर मोबाइलला चेहरा दाखवून काम होते. मुलगा मोबाइल धरू शकतो, चष्मा काढा म्हणू शकतो, प्रकाशाकडे वळवू शकतो. पापणी मात्र आजोबांनाच लववावी लागते.